चार मुलगे, एक चित्रपट आणि गोरेवाड्याची वाट : एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

नागपूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीतल्या चार मुलांची जुनी मैत्री वर्षभरात कशी विसकटली, ती विसकटलेली असताना त्यांनी वर्गासोबत एक चित्रपट पाहिला तेव्हा काय घडले, आणि त्यानंतर आम्ही काय केले, याची ही नोंद आहे. मी त्या शाळेत मराठी शिकवतो आणि शनिवारी सकाळी चालणाऱ्या चित्रपट-उपक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मुलांची ओळख पटू नये म्हणून त्यांचा उल्लेख क, ख, ग आणि घ असा केला आहे व काही कौटुंबिक तपशील गाळले आहेत.

चौघे पाचवीपासून एकत्र होते. ख अभ्यासात पुढे, अबोल आणि घरच्या शिस्तीत वाढलेला. क त्याच्या अगदी उलट स्वभावाचा, पण वर्गात कोणाचे भांडण जुंपले तर मध्ये पडून ते सोडवणारा तोच. ग सतत बोलणारा, नकला करणारा, आणि घ सगळ्यांच्या मागून चालणारा, कुठे जायचे हे न विचारता निघणारा. अशा चौकडी प्रत्येक शाळेत असतात आणि शिक्षकांना त्या दिसतात त्या बहुधा शेवटच्या बाकांवरचा गोंगाट म्हणून.

डिसेंबरात सहलीसाठी गोळा केलेल्या पैशांतील काही रक्कम वर्गातून नाहीशी झाली. ती कोणी घेतली हे सिद्ध झाले नाही. संशय मात्र क वर गेला, आणि त्याला आधार एवढाच होता की त्याच्या मोठ्या भावाचे नाव वस्तीत चांगले नव्हते. त्याला तोंडावर कोणी चोर म्हटले नाही, परंतु मधल्या सुट्टीत तो वर्गात थांबला तर मुले आपापली दफ्तरे बरोबर घेऊन बाहेर जाऊ लागली. जानेवारीत ख ने बाक बदलला. त्याच्या वडिलांनी तशी सूचना वर्गशिक्षिकांना चिठ्ठी लिहून केली होती. फेब्रुवारीपासून क च्या हजेरीपटावर रिकाम्या खुणा वाढू लागल्या.

याच्या पाठीमागे आणखी एक गोष्ट होती, जी मोठ्यांना किरकोळ वाटते आणि मुलांना कळत असूनही ती बोलून दाखवत नाहीत. आमच्याकडे आठवीला सेमी-इंग्रजीची वेगळी तुकडी होते. गुणांवरून ख त्या तुकडीत जाणार आणि क मराठी तुकडीत राहणार हे सातवीच्या मध्यापासूनच सर्वांना ठाऊक होते. म्हणजे पैशांचा प्रसंग घडला नसता तरीही जूनमध्ये दोघांच्या वर्गांमध्ये भिंत उभी राहणारच होती. वर्गशिक्षिका माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न क च्या गैरहजेरीचा होता, परंतु मला या प्रकरणाचे मूळ त्या भिंतीत दिसत होते.

हाच चित्रपट का

मुलग्यांच्या मैत्रीवरचा मराठी चित्रपट म्हणून ‘किल्ला’ माझ्या यादीत पहिला होता. अविनाश अरुण यांच्या या चित्रपटाला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी ‘क्रिस्टल बेअर’ दिले आणि पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. तो मला मनापासून आवडतो, पण या वर्गाने तो आदल्या वर्षीच पाहिला होता. शिवाय त्यातला चिन्मय नव्या गावात नवे मित्र शोधतो. आमच्या चौघांचा प्रश्न जुने मित्र गमावण्याचा होता, आणि त्या प्रश्नाच्या जवळ जाणारा चित्रपट म्हणून मी ‘स्टँड बाय मी’ निवडला.

रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८६ साली आला. तो स्टीफन किंग यांच्या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बॉडी’ या दीर्घकथेवर आधारलेला आहे. काळ १९५९ चा, स्थळ अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील कॅसल रॉक नावाचे कल्पित गाव. गॉर्डी, क्रिस, टेडी आणि व्हर्न या बारा वर्षांच्या चार मुलांना कळते की बेपत्ता झालेल्या एका मुलाचे प्रेत दूरच्या जंगलात रेल्वेमार्गाजवळ पडले आहे आणि ते अजून कोणी शोधलेले नाही. ते आपण शोधले तर आपले नाव होईल, या कल्पनेने चौघे घरी खोटे सांगून रुळांवरून चालत निघतात, एक रात्र जंगलात काढतात, प्रेतापर्यंत पोहोचतात, तिथे आलेल्या मोठ्या गुंड पोरांना तोंड देतात, आणि शेवटी प्रेत तिथेच ठेवून, निनावी फोन करून पोलिसांना कळवतात व परततात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी, तिच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि त्यानंतर लगेच सुरू होणारी पुढची शाळा, एवढाच कथेचा काळ. त्या शाळेत गॉर्डी महाविद्यालयाकडे नेणाऱ्या वर्गांत जाणार आणि बाकीचे तिघे हातकामाच्या वर्गांत, हे क्रिस चालता चालता गॉर्डीला सांगतो, आणि आमच्यासारख्या मूर्खांबरोबर राहण्यासाठी तू तुझी बुद्धी वाया घालवू नकोस असे बजावतो. आमच्या सेमी-इंग्रजीच्या तुकडीचा प्रश्न अमेरिकेच्या एका खेडेवजा गावात १९५९ सालचा म्हणून मांडलेला पाहिल्यावर मला दुसरा चित्रपट शोधावासा वाटला नाही.

क्रिसच्या घराचे नाव वाईट आहे. त्याचा बाप दारुडा, भाऊ गुंडांच्या टोळीत, त्यामुळे क्रिसही तसाच निघणार हे गावाने ठरवून टाकलेले असते. शाळेतल्या दुधाचे पैसे त्याने चोरले होते हे खरे. परंतु रात्री शेकोटीजवळ तो गॉर्डीला सांगतो की ते पैसे त्याने शिक्षिकेला परत नेऊन दिले होते, तिने ते ठेवून घेतले, शिक्षा त्याला झाली, आणि पुढच्या आठवड्यात ती नवा स्कर्ट घालून आली. हे मी सांगितले असते तर कोणी विश्वास ठेवला असता, असे विचारून तो रडतो. रिव्हर फिनिक्स या कोवळ्या वयाच्या नटाने हा प्रसंग इतका सच्चा केला आहे की पडद्यावर अभिनय चालू आहे याचा विसर पडतो.

दाखवण्याआधी

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ हे प्रमाणपत्र मिळाले होते, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावा. ज्या वयाच्या मुलांची ही गोष्ट आहे त्या वयाच्या मुलांना ती एकट्याने पाहता येऊ नये, यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. शिव्या, सिगारेट, पिस्तूल आणि प्रेत हे सगळे त्यात आहे. म्हणून मी पालकांना आधी पत्र पाठवले, त्यात या चारही गोष्टी स्पष्ट लिहिल्या, ज्यांना मुलांना पाठवायचे नसेल त्यांनी पाठवू नये असे कळवले, आणि जे येऊ इच्छितात त्यांना शेजारी बसून पाहण्याचे निमंत्रण दिले. पालकांपैकी कोणी आले नाही. दोघांनी मुलांना पाठवले नाही, आणि तो त्यांचा निर्णय आम्ही मानला.

रुळांची गोष्ट मला अधिक काळजीची वाटत होती. पूर्व नागपुरात रेल्वेमार्ग मुलांच्या रोजच्या येण्याजाण्यात येतो. इतवारी–नागभीड ही छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, तरी तिच्या गोष्टी घरोघरी आहेत, आणि ग चे आजोबा तर तिने उमरेडला जात असत. रुळांवर चालणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मी मुलांना आधी सांगितले. परंतु कलमाने मुले घाबरत नाहीत. म्हणून चौघे रेल्वेपुलावर असताना मागून गाडी येते तो प्रसंग कसा चित्रित केला तेही सांगितले : कॅलिफोर्नियातल्या एका तलावावरच्या खऱ्या पुलावर तो घेतला आहे, परंतु लांब पल्ल्याच्या भिंगामुळे मागचे आणि पुढचे यांतले अंतर डोळ्यांना आटल्यासारखे दिसते, आणि मुलांच्या पाठीशी टेकलेली वाटणारी गाडी प्रत्यक्षात बरीच दूर असते. ही माहिती दिल्याने प्रसंगातला थरार कमी होईल अशी मला धास्ती होती. तसे झाले नाही. मुले खुर्चीच्या कडेवर आली, परंतु कोणाच्याही तोंडून ‘आपणही जाऊन पाहू’ असे निघाले नाही.

दाखवताना

वार्षिक परीक्षा संपल्यावर, एप्रिलमधल्या सकाळच्या पाळीत, कूलर लावलेल्या सभागृहात चित्रपट दाखवला. तो दीड तासाला एक मिनिट कमी एवढाच आहे. इंग्रजी संवाद मुलांना झेपणारे नव्हते, त्यामुळे मी आधी कथा सांगून ठेवली आणि महत्त्वाच्या जागी आवाज कमी करून संवाद आपल्याकडच्या बोलीत सांगितले. सुपरमॅन आणि मायटी माउस यांच्यात कोण जिंकेल, गूफी हा नेमका कोणता प्राणी आहे, असले वाद पडद्यावरचे चौघे घालू लागले तेव्हा मागून ग ओरडला, ‘हे तर आपल्यासारखेच बोलून राहिले बे!’

मला या वाक्यापाशी थोडे थांबायचे आहे, कारण चित्रपटाचे बळ मला तिथेच दिसते. चौघे जण चालतात तेव्हा बहुतेक वेळ काहीच महत्त्वाचे बोलत नाहीत. एकमेकांच्या आईवरून चिडवतात, खाऊचे पैसे मोजतात, नाणी उडवून कोण दुकानात जाणार ते ठरवतात. पाहणाऱ्याला वाटते की हा वेळ कथेतून वगळला तरी चालेल. पण क्रिसचे रडणे ज्या रात्री येते ती रात्र या सगळ्या निरुपयोगी बोलण्यानंतर येते. बारा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या मनात काय आहे ते सांग’ असे समोर बसवून विचारले तर तो खाली पाहतो आणि ‘काही नाही’ म्हणतो. तोच मुलगा मित्राच्या खांद्याला खांदा लावून दोन-तीन तास चालला, दोघांची नजर पुढच्या वाटेवर असली आणि वाटेत जळवा, कुत्रे, पूल असे काहीबाही समोर येत राहिले, तर बोलता बोलता खरे बोलून जातो. मुलग्यांच्या मैत्रीत साहसाचे काम हेच असते : मोठ्यांची नजर नसलेला, एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती नसलेला, पुरेसा लांब वेळ ते मिळवून देते.

दिग्दर्शकालाही याची जाण असावी. चित्रीकरण सुरू होण्याआधी त्यांनी चारही बालनटांना एकत्र ठेवून नाट्यखेळ खेळवले होते, आणि पडद्यावर दिसणारी सलगी त्या दिवसांतून आलेली आहे.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. क्रिस दुधाच्या पैशांची हकीकत फक्त गॉर्डीला सांगतो, टेडी आणि व्हर्न झोपलेले असताना. दुसऱ्या दिवशी प्रेतापाशी गॉर्डी कोसळतो, आपला भाऊ मेला त्याऐवजी आपण मरायला हवे होते, आपले वडील आपला द्वेष करतात, असे म्हणतो, तेव्हाही जवळ फक्त क्रिस असतो. उरलेले दोघे प्रेत नेण्यासाठी फांद्या शोधायला गेलेले असतात. चौघांची मैत्री कितीही घट्ट असली तरी मनातले सर्वांत जड ओझे एकाच माणसासमोर उतरवले जाते. पटकथेने हे दोन्ही वेळा इतक्या सहजपणे जुळवून आणले आहे की पहिल्यांदा पाहताना लक्षातही येत नाही.

पडद्यावर शेकोटीचा प्रसंग चालू असताना मी क कडे पाहिले नाही. पाहू नये असे ठरवूनच मी पुढच्या रांगेत बसलो होतो.

चर्चा, आणि ती का थांबवली

चित्रपटानंतर चर्चा घेण्याची आमची प्रथा आहे. मुलांनी आधी पिस्तुलाबद्दल विचारले. गॉर्डी मोठ्या गुंडावर पिस्तूल रोखतो आणि गुंड माघार घेतात, त्या ठिकाणी वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या मते चित्रपटाची ही सर्वांत कच्ची बाजू आहे, कारण दोन दिवसांत मुलांनी आपल्या हिमतीवर जे कमावले त्याची अखेर शस्त्राच्या धाकावर होते, आणि हे मी वर्गाला सांगितले. काहींना पटले नाही.

मग एका मुलीने विचारले की आम्ही चौघी जणी अशा घरी न सांगता गेलो असतो तर त्याचा सिनेमा झाला असता का. वर्ग हसला नाही. या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एकच होते, की चित्रपटात मुलींना जागा नाही आणि घराबाहेर असा मोकळा वेळ मुलींना आजही मिळत नाही. पुढे जूनमध्ये आम्ही मुलांची पदयात्रा काढली, तेव्हा मुलींसाठीही वेगळी पदयात्रा ठेवली गेली ती या प्रश्नामुळे, आणि ती दोन शिक्षिकांनी नेली.

त्यानंतर घ ने हात वर केला. तो वर्गात सहसा बोलत नाही. त्याला पुढे बाकीच्यांचे काय झाले हे नीट कळले नव्हते. मी सांगितले की क्रिस शिकून वकील होतो, आणि एका उपाहारगृहात दोघांचे भांडण सोडवायला गेला असता भोसकला जातो. त्याच बातमीने चित्रपट सुरू होतो. व्हर्न लवकर लग्न करून चार मुलांचा बाप होतो आणि मालाची उचल करणारे यंत्र चालवतो, टेडीला डोळ्यांमुळे व कानामुळे सैन्यात घेत नाहीत व तो काही काळ तुरुंगात जातो. मूळ कथेत व्हर्न आणि टेडीही तरुणपणीच मरतात, चित्रपटाने त्यांना जगू दिले आहे. ‘म्हणजे ते दोघं नंतर भेटतच नाहीत?’ घ ने विचारले. पुढच्या शाळेत हळूहळू टेडी आणि व्हर्न व्हरांड्यातल्या इतर चेहऱ्यांसारखे होतात, असे निवेदक, म्हणजे मोठा झालेला गॉर्डी, सांगतो. घ खाली बसला.

आणि मग ग ने, कोणताही वाईट हेतू नसताना, सगळ्यांसमोर म्हटले, ‘सर, आपला क म्हणजे क्रिस ना?’

वर्ग एकदम शांत झाला. क ने मान वर केली नाही. मी त्याच क्षणी चर्चा संपवली आणि मुलांना पाणी पिऊन घरी जायला सांगितले. ज्या गोष्टीला एकच साक्षीदार हवा ती चाळीस जणांपुढे आली तर मुलगा एक तर खोटे बोलतो, नाही तर कायमचा मिटून जातो. शाळांमध्ये चित्रपट दाखवल्यानंतर ‘तुम्ही यातले कोण?’ असा प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ आहे. ती मी मुळीच वापरत नाही. इतकेच नव्हे, मुलांनी ती आपणहून वापरली तरी ती थांबवणे हे शिक्षकाचे काम आहे असे मी मानतो.

एका वडिलांची हरकत

पुढच्या सोमवारी ख चे वडील शाळेत आले. ते रागावलेले होते, पण त्यांचे बोलणे सभ्य होते. ‘सर, तुम्ही शिकलेले माणूस. घरून पळालेल्या पोरांचा, सिगरेटी ओढणाऱ्या पोरांचा सिनेमा दाखवून राहिले तुम्ही. मी माझ्या पोराला मोठ्या मुश्किलीनं त्या संगतीतून बाहेर काढलं,’ असे ते म्हणाले. पत्र त्यांना मिळाले होते, त्यावर त्यांची सहीही होती, पण ते त्यांनी नीट वाचले नव्हते. मी ती सही दाखवली नाही. सही दाखवून पालकांना गप्प करणे सोपे असते आणि त्यातून मुलाच्या पदरी काहीच पडत नाही.

चित्रपटात गॉर्डीचे वडील त्याला विचारतात की तुला तुझ्या भावाच्या मित्रांसारखे मित्र का मिळत नाहीत, आणि क्रिसला थेट चोर ठरवतात. मोठा मुलगा जीप अपघातात गेल्यामुळे ते स्वतः खचलेले आहेत आणि धाकट्याकडे त्यांचे लक्षच नाही. ख चे वडील तसे नाहीत. मुलाच्या प्रत्येक गुणपत्रिकेची त्यांना तोंडपाठ माहिती आहे, आणि त्यांची काळजी खरी आहे : ज्या घरातून एकही जण दहावीच्या पुढे गेला नाही त्या घरातला हा पहिला मुलगा पुढे जाईल अशी त्यांना आशा आहे. त्यामुळे मी त्यांना पडद्यावरच्या बापाशी जोडणारे काहीही बोललो नाही. त्यांना हा चित्रपट पूर्ण पाहण्याची विनंती केली, आणि तो लावून देऊन मी बाहेर गेलो.

तो संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला : त्या चांगल्या मुलाला शिकायला कोण सांगते? मी म्हणालो, तोच, ज्याला त्या चांगल्या मुलाचे वडील चोर म्हणतात. त्यावर ते काही बोलले नाहीत. जूनमधल्या पदयात्रेचा विषय मी काढला तेव्हा मात्र त्यांनी अट घातली की तेही सोबत येतील. मी लगेच हो म्हटले.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत आवश्यक गोष्ट होती. मुख्याध्यापिकांनी वर्गात येऊन सांगितले की सहलीच्या पैशांबाबत कोणाही विद्यार्थ्याविरुद्ध पुरावा मिळालेला नाही आणि यापुढे कोणी कोणाचे नाव घेऊ नये. संशय न बोलता पसरतो. तो दूर करायचा तर मात्र कोणीतरी अधिकाराच्या माणसाने मोठ्याने बोलावे लागते.

वाट

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातील इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. त्याआधीचे दिवस हे आमच्याकडचे सुट्टीचे शेवटचे दिवस. पहिला पाऊस पडून गेल्यावर एका पहाटे आम्ही सातवी संपवलेल्या मुलांना घेऊन निघालो. फुटाळा तलावापासून सुरुवात, तिथून तेलंगखेडीच्या बाजूने सेमिनरी हिल्सवर, मग काटोल नाक्याकडे उतरून गोरेवाडा तलावापर्यंत. ग ला इतवारीच्या बाजूला जुन्या छोट्या रेल्वेच्या मार्गाने जायचे होते. तिथे मी ठामपणे नकार दिला आणि त्याबदल्यात मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दाखवण्याचे कबूल केले. ते दिवाळीपूर्वी दाखवलेही.

नियम थोडेच होते. रस्ता ओलांडताना सर्वांनी थांबायचे, पाण्यात उतरायचे नाही, मोबाइल शिक्षकांकडे द्यायचे. मुलांना कोणतेही काम दिले नाही, झाडांची नावे टिपायला सांगितली नाहीत, परत आल्यावर निबंध लिहायचा नव्हता. मोठ्या माणसांनी मुलांच्या मागे, दिसतील पण ऐकू येणार नाहीत एवढ्या अंतरावर राहायचे. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण होते आणि तो मोडण्याचा मोह शिक्षकांनाच अधिक होत होता. सहल म्हटली की आपण मुलांचा प्रत्येक तास कशाने तरी भरतो. मोकळा राहिलेला वेळ आपल्याला निष्काळजीपणासारखा वाटतो.

फुटाळ्यापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत क आणि ख एकमेकांपासून दूरच होते. क पुढे घ बरोबर, ख मागे सेमी-इंग्रजीत जाणाऱ्या मुलांबरोबर. टेकडीवर ग ने शर्यत लावली, तो स्वतःच घसरून चिखलात बसला आणि त्याला उठवायला जे दोघे धावले ते क आणि ख होते. उतारावर चौघे एका रांगेत आले. काटोल नाक्याच्या पुढे ग आणि घ पुढे गेले आणि मागे दोघे राहिले. गोरेवाड्याच्या जंगलाची कड लागली तेव्हा ते दोघे हळू चालत होते. ख चे वडील माझ्या शेजारी होते. ते एकदा पुढे जायला निघाले आणि आपणहून थांबले.

दोघे काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी विचारले नाही, आणि वर्गशिक्षिकांनाही विचारू नका असे सांगितले. तलावापाशी पोहोचल्यावर सगळ्यांनी डबे उघडले. शहराला पाणी पुरवण्यासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बांधलेला हा तलाव मुलांनी आधी फक्त नकाशात पाहिला होता. क ने डबा आणला नव्हता. ख ने आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे केली, आणि त्याच्या वडिलांनी स्वतःच्या डब्यातले आलू-वांग्याचे कोरडे दोघांच्या झाकणावर वाढले.

पुढे

जुलैत ख सेमी-इंग्रजी तुकडीत गेला आणि क मराठी तुकडीत. मधल्या सुट्टीत दोघे पाण्याच्या टाकीजवळ भेटत. क ची हजेरी पावसाळ्यात जवळपास पूर्ण होती. दिवाळीनंतर ती पुन्हा ढासळली, कारण भाऊ अडचणीत सापडला आणि क ला घरी थांबावे लागले. त्या वेळी शाळेतून निरोप जाण्याआधी ख त्याच्या घरी जाऊन आला, आणि वडिलांना सांगून गेला. दुसऱ्या सत्रात क येतो आहे. त्याचे गणित कच्चे आहे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी ख त्याला शाळेच्याच ओट्यावर ते समजावतो.

चौघांची चौकडी मात्र परत जमली नाही. घ चे वडील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले आणि कुटुंब तिकडे राहायला गेले. ग ला नवे मित्र मिळाले. आता तो क आणि ख ला हाक मारतो, थोडी नक्कल करून दाखवतो आणि पुढे जातो. हे अपयश आहे असे मी नोंदीत लिहिलेले नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या मैत्रीत असे होते, आणि शाळेने चौघांना जबरदस्तीने पुन्हा एका बाकावर बसवले असते तर जे दोघांत उरले तेही टिकले नसते.

पैसे कोणी घेतले ते आजही कळलेले नाही.

येत्या एप्रिलसाठी उपक्रमाच्या आखणीत तीन बदल केले आहेत. पालकांना पाठवायचे पत्र वाचून दाखवण्यासाठी वेगळी सभा घेतली जाईल, कारण सही म्हणजे वाचन नव्हे हे दिसून आले. अशा चित्रपटानंतर त्याच दिवशी वर्गचर्चा होणार नाही. आणि पदयात्रा जूनपर्यंत लांबवण्याऐवजी दुसऱ्याच दिवशी, ऊन चढण्याआधी, फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सपर्यंत निघेल. मुलींचा गट त्याच दिवशी, त्याच वाटेने जाईल.